सत्तावीस

डंडीत नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो.
त्याच सुमाराला खालच्या मजल्यावरचा मर्डो गेडीस
काठीने त्याचं छत ठोकतो, म्हणजे माझी जमीन.
दोन ठोके : चहा. तीन : विमान पुन्हा अडखळलं.

आज तीन.

वय एकोणऐंशी. बत्तीस वर्षं
इंजिनं उघडली, पुसली, मिटली.
आता दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग,
म्हणून पडदा भिंतीएवढा, तरी खुर्ची त्याला चिकटलेली.
जॉयस्टिकला सायकलची जुनी मूठ.

दुखणं ठरल्या जागीच उठतं.
पूर्वेकडून यायचं, टे नदीवरून,
मोटारींचा पूल मागे टाकायचा,
रेल्वेचा पूल पायाखाली येतो न येतो
तोच चित्र थिजतं.
पुढचं चित्र उमटतं तेव्हा आपण पन्नास फूट खाली,
आणि ते पन्नास फूट कुणीच उडवलेले नसतात.

"कोपऱ्यातला आकडा वाच."
अठ्ठावन्न. चव्वेचाळीस. एकोणीस. अकरा.

मी इस्पितळाचे संगणक सांभाळते.
दिवसभर लोक सांगतात, हळू चाललंय,
मी विचारते, बंद करून चालू केलंत का?
मर्डोला हे विचारायची सोय नाही.
"तापलं असेल तर आधी झाकण उघडतात, पोरी."

उघडलं. पंख्याच्या पात्यांवर करडा नमदा :
त्याच्या स्वेटरची लोकर, की त्या कुत्रीची,
जिचं नाव तो घेत नाही, पण पट्टा अजून दाराला आहे.
रंगाच्या ब्रशने पातं न् पातं झाडलं.
निघालेलं त्याने फेकू दिलं नाही, काडेपेटीत भरलं.
अकराचे सोळा झाले.

मग सौदा.
ढग?
"काढ. पुष्कळ पाहिले."
पुलावरच्या मोटारी?
"आय, काढ."
तो हो म्हणताना आय म्हणतो.
चार वर्षं झाली,
मला अजून अर्धवट हाक ऐकू येते.
झाडं विरळ केली, धक्क्यावरची जहाजं उचलली,
घरांचे नुसते खोके केले,
त्यात पर्थ रोडवरचं हेही घर, आता खिडक्या नसलेलं.
"चला, म्हणजे आपण घरी नाही," मर्डो खूश.

बावीस.

आता सावल्या, मी म्हटलं,
त्या बंद केल्या की चाळिशी कुठे गेली नाही.
त्याने मूठ सोडली.
"सावली राहू दे."
कार्डाचा निम्मा जीव तीच खाते, मर्डो.
"खाऊ दे."

मग बराच वेळ चहा. मग म्हणाला,
"ज्याने दुरुस्त केलं त्याने पहिल्या फेरीला सोबत बसायचं,
असा आमच्याकडे नियम होता.
चाकं उतरली की नाही, आतून दिसत नाही.
एक हिरवा दिवा लागतो, त्यावर विसंबायचं.
मी दिवे जोडणारा माणूस.
दिव्यावर माझा विश्वास नाही.
मी खिडकीतून खाली सावली बघायचो.
तिला पाय फुटले की मग खिशातला सँडविच काढायचा."

मी सावलीला हात लावला नाही.
चित्राची धार तेवढी शंभरावरून सत्तरवर आणली.
त्याला कळलं नाही. किंवा कळलं.

पडद्यावर सकाळचे साडेआठ,
सूर्य पाठीशी, सावली पुढे.
पाण्यावर चिमणीएवढी.
मोटारींच्या पुलावर चढते, उतरते.
रेल्वेच्या पुलाशी मी श्वास धरला,
आकडा हलला, हलला, सत्तावीसवर बसला.
"रनवेचाच नंबर," मर्डो पुटपुटला,
पण तो पडद्याच्या मध्याकडे बघतच नव्हता,
मान तिरकी करून कडेकडेने शोधत होता.
"चाकं?"

गवतावर ती आता बकरीएवढी.
मी आकडा सोडून तिच्याकडे बघितलं.
तीन, मी म्हटलं. तिन्ही बाहेर.
"आय."

आम्ही उतरत गेलो, ती जवळ येत गेली,
आणि ओल्या डांबरावर
आधी तिचे पाय टेकले, की आमचे,
ते सत्तावीस चित्रांत काही नीट दिसलं नाही.